भाव कोण बोलतं, सही कोण करतं?

या वेळचं पत्र सोलापूर जिल्ह्यातून आलं आहे. नाव छापू नका अशी विनंती आहे. पत्र मोठं होतं, त्यातला गाभा देते.

«मी एक्केचाळीस वर्षांची आहे. ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते. बचत गटातून सुरुवात झाली. गटाने कर्ज काढलं, ते फिटलं, मग एकेक जण मागे सरली आणि मी पुढे रेटत राहिले. आज अकरा बायका कामाला येतात, त्यांतल्या सहा जुन्या गटातल्याच. महिन्याला साधारण नव्वद हजारांचा माल जातो. फर्म, बँक खातं, परवाना सगळं मिस्टरांच्या नावावर आहे. ते साखर कारखान्यात आहेत. तेव्हा माझं पॅन कार्ड नव्हतं म्हणून तसं केलं होतं. आता पुण्याच्या एका साखळी दुकानाने महिन्याला दीड लाखाची ऑर्डर देऊ केली आहे. पैसे साठ दिवसांनी, तुटलेला माल परत. घरचे म्हणतात, पुण्याचं बोलणं धाकटे भाऊजी करतील, तू आतलं बघ. कर्जासाठी बँकेत गेले तर साहेब म्हणाले, मिस्टरांना घेऊन या. आणि गटातल्या बायका पाठीमागे म्हणतात, आपल्या सगळ्यांची भाकरी होती, आता हिची एकटीची झाली. मुलगी दहावीला आहे. ऑर्डर घेऊ का सोडू? एवढं सगळं पेलायचं धाडस माझ्यात आहे का, हेच समजेना.»

ताई,

धाडसाचं आधी मिटवू. अकरा बायका रोज वेळेवर तुमच्याकडे येतात, भाकरी पातळ थापली जाते, चटणीला खवट वास येत नाही, गिऱ्हाईक परत येतं. हे चालवणाऱ्या बाईला धाडसाचं सर्टिफिकेट लागत नाही. तुमच्या भाऊजींना पुण्याला पाठवताना त्यांच्यात धाडस आहे का, असं घरात कुणी विचारलं होतं का? तो प्रश्न फक्त तुम्हालाच पडला, आणि तोही तुम्हीच स्वतःला विचारलात.

आता ऑर्डर. ती घ्या, पण समोर ठेवलेल्या अटींवर घेऊ नका. कागद घेऊन मांडा. पहिला माल 1 तारखेला गेला, महिन्याने दुसरा गेला, पहिल्याचे पैसे यायच्या वेळी तिसरा टेम्पोत भरायचा. म्हणजे एक रुपयाही हातात पडायच्या आधी तीन लाखांचा माल बाहेर असतो. तुमचा खर्च शंभराला ऐंशी धरला तरी दोन लाख चाळीस हजार खिशातून घातलेले. ज्वारी उधार मिळत नाही, शेंगदाणा तर नाहीच, आणि बायकांची मजुरी आठवड्याला द्यावी लागते. धंदा चांगला चालला असताना बुडतो तो बहुतेक असाच. माल खपत असतो, वहीत नफा दिसत असतो आणि शनिवारी मजुरीला पैसे नसतात.

साठ दिवसांबद्दल तुम्हाला एक गोष्ट माहीत असायलाच हवी. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. करारात साठ लिहिलं तरी कायदा 45 च मोजतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि दाद मागायला राज्याची सुविधा परिषद आहे. शिवाय 2024 पासून आयकराचा नियम असा आहे की छोट्या उत्पादकाला मुदतीत न दिलेली रक्कम घेणाऱ्याला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. मोठ्या दुकानांचे हिशेबनीस तेव्हापासून या बाबतीत बरेच शहाणे झाले आहेत.

पण खरं सांगते, गिऱ्हाइकाविरुद्ध परिषदेत गेलं की गिऱ्हाईक गेलं. म्हणून हा कायदा भांडणासाठी राखून ठेवू नका, पहिल्या बैठकीतच वापरा. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा आणि बोलतानाच म्हणा, "आमची नोंदणी आहे, 45 च्या पुढे तुमच्याच हिशेबाला त्रास होईल, आपण तीस ठरवू." तीस मिळाले तर उत्तम. पहिले तीन महिने निम्मा माल द्या, पंचाहत्तर हजारांचा. पैसे कसे येतात ते दिसू दे, मग वाढवा. नोंदणी मात्र माल पाठवण्याच्या आधीची हवी. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला चहा पाजून परत पाठवा.

आणि ही नोंदणी कुणाच्या नावावर, इथं आपण तुमच्या खऱ्या प्रश्नाशी येतो. तुम्ही तो पत्रात एका ओळीत उरकला आहे.

पंचायतीत 1993 पासून बायकांना आरक्षण आलं, महाराष्ट्रात 2011 पासून ते निम्म्यावर गेलं. तरी "सरपंचांचे मिस्टर" हे पद आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथं सही बाईची असते आणि निर्णय नवऱ्याचा. तुमच्या घरात निर्णय तुमचा आणि सही नवऱ्याची. दोन्हीकडे गावाच्या लेखी कारभारी तोच. पुण्याचं बोलणं भाऊजींनी करावं हे घरच्यांना सहज सुचलं, कारण कागदावर तुम्ही या धंद्यात कुठेच नाही. कागदावर तुम्ही मालकाच्या पत्नी आहात, आणि पगार न घेणाऱ्या कामगार.

मिस्टर चांगले आहेत हे तुम्ही पत्रात तीन वेळा लिहिलंय. मला ते मान्य आहे. हा मुद्दा त्यांच्या स्वभावाचा नाही. एकट्याच्या नावावरची फर्म म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो माणूसच. उद्या देव न करो, काही बरंवाईट झालं, आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ती यंत्रं, खात्यातली शिल्लक, येणी यांत तुम्ही, प्रत्येक मूल आणि सासूबाई समान वाटेकरी. खातं गोठतं, मजुरी अडते. कोविडनंतर अशा बायका माझ्यासमोर येऊन बसल्या होत्या. दुकान त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं होतं, आणि त्याच दुकानाचं खातं उघडायला त्यांना वारस दाखला आणायचा होता. दुसरं नुकसान रोजचं आहे. मिस्टरांच्या नावावरचं प्रत्येक फेडलेलं कर्ज त्यांची पत वाढवतं. तुम्ही हप्ते भरता, आणि बँकेच्या संगणकात तुमच्या नावापुढे कोरी जागा.

तेव्हा फर्म तुमच्या नावावर हवी. जुनी फर्म "नावावर करून" मिळत नाही, कारण एकल मालकीत मालकाचा पॅन हीच ओळख. तुमच्या पॅनवर नवी उद्यम नोंदणी, अन्नसुरक्षेची म्हणजे एफएसएसएआयची नवी नोंदणी किंवा परवाना आणि नवं चालू खातं असं करावं लागेल. पुण्यासाठी नवी पाकिटं छापायला टाकली असतील तर आज फोन करून थांबवा, कारण पाकिटावर परवाना क्रमांक छापणं सक्तीचं आहे आणि तो बदलणार. जीएसटीपुरतं बोलायचं तर तुमचा जुना-नवा माल मिळून वर्षाला 40 लाखांच्या आत राहतो, त्यामुळे नोंदणी सक्तीची नाही. दुकान मात्र नंबर मागण्याची शक्यता आहे, तेव्हा चौकशी करून ठेवा. भाकरीच्या नावाचा ट्रेडमार्क अर्जही तुमच्याच नावाने करा. व्यक्तीला आणि लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे, मोठ्या कंपनीच्या निम्मी. हा खर्च टाळू नका. चांगली चाललेली चटणी दुसऱ्याने त्याच नावाने बाजारात आणणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

एक खाच मात्र सांभाळा. मिस्टरांनी यंत्रं तुम्हाला फुकट देऊन टाकली, तर नवऱ्याने बायकोला दिलेल्या भांडवलावरचं उत्पन्न आयकर खातं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतं. म्हणून कांडपयंत्र, वजनकाटे, पॅकिंग मशीन यांचं रीतसर बिल करा आणि किंमत तुमच्या खात्यातून, तुमच्या बचतीतून किंवा तुमच्या नावच्या कर्जातून द्या. हे काम सीएकडून करून घ्या, स्वतः अंदाजाने करू नका.

घरी विषय कसा काढायचा? माझ्या काही मैत्रिणी यावर रागावतील, पण पहिल्याच वाक्यात हक्काची भाषा आणू नका. मिस्टर नेहमी म्हणतात ना, "माझं-तुझं काय, घर तर एकच"? त्याच वाक्यावरून पुढे जा: घर एकच आहे, तर कागद माझ्या नावावर असला तरी चालेल. त्यात घराचा फायदाही खरोखर आहे. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी त्यांच्या खरेदीतला 3 टक्के माल बायकांच्या मालकीच्या लहान उद्योगांकडून घ्यावा असं धोरण आहे. भागीदारी केलीत तर बाईचा वाटा निदान 51 टक्के असल्याशिवाय ती बायकांच्या मालकीची धरत नाहीत. पन्नास-पन्नास कानाला गोड लागतं, पण तो एक टक्का सोडू नका. एवढं सांगूनही नकारच आला, तर मग हक्काची भाषा आहेच. ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, पण ठेवा.

बँकेतल्या साहेबांचं सोपं आहे. मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, आणि विवाहित बाईच्या अर्जावर नवऱ्याची सही हवीच असा नियम नाही. बँकेला सहकर्जदार हवासा वाटू शकतो, पण ती त्यांची सोय झाली. पुढच्या वेळी अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि मिस्टरांना आणायला सांगितलं तर नम्रपणे म्हणा, "हे मला लेखी द्याल का?" बरेच साहेब इथंच मऊ होतात. अर्जासोबत वर्षभराचा हिशेब जोडा: किती ज्वारी घेतली, किती भाकरी गेल्या, मजुरी किती दिली. हे तुम्हाला तोंडपाठ आहे ते पत्रातच दिसतं. तुमच्या शेजारच्या माण तालुक्यात, म्हसवडला, सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी महिला बँकेचा परवाना मागितला तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो पहिल्यांदा नाकारला होता, कारण कागदावर अंगठे होते. बायका अक्षर शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, वाचता येत नव्हतं पण हिशेब येतो; कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनी कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवावं. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्याच माणदेशीचे ग्रामीण बायकांसाठी उद्योगाचे वर्गही चालतात. एकदा जाऊन या, तुमच्याकडून फार लांब नाही.

योजनांबद्दल दोनच वाक्यं. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, नव्या उद्योगासाठी आहे. तुमच्यासारख्या चालू अन्नप्रक्रिया उद्योगासाठी पीएमएफएमई, म्हणजे पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, यंत्रांच्या खर्चावर 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान ठरवलेलं आहे, सध्या अर्ज घेतात का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. अनुदान मिळतंय म्हणून मोठं यंत्र घेऊ नका, यंत्र हवंच असेल तर अनुदान बघा.

भाऊजी. त्यांना दुखवू नका, कामाला लावा. पुण्याचा माल पोचवणं, पोच आणणं, परत आलेल्या पाकिटांची मोजणी करणं, या कामाला माणूस हवाच आहे. महिन्याचा पगार ठरवा आणि वहीत लिहा. भाव मात्र तुम्ही बोलायचा. घरातल्यांना "बाहेरचं काम" म्हणजे प्रवास आणि दगदग वाटते, आणि ती तुमच्यावर पडू नये असं त्यांना मनापासून वाटत असेल. पण भाव तिथंच ठरतो, तुटफूट कुणाच्या अंगावर पडणार ते तिथंच ठरतं. भाऊजींना एका भाकरीला किती पीठ, किती गॅस आणि किती हात लागतो हे माहीत नाही. समोरचा म्हणेल "पाच टक्के कमी करा", आणि ते मोठेपणाने करून येतील. ते पाच टक्के तुमच्या वीस टक्क्यांतले आहेत, म्हणजे नफ्याचा पाव हिस्सा गेला. भाऊजी सोबत आले तर येऊ द्या. बोलताना समोरचा माणूस त्यांच्याकडे बघून बोलेल, बघाच तुम्ही. तुम्ही उत्तर देत राहा. दहा मिनिटांत मान वळते.

आता गटातल्या बायका. तुमचं पत्र वाचताना मी सर्वांत जास्त इथं थांबले. तुम्ही लिहिता, "मी त्यांना बहिणीसारखं वागवते, तरी असं बोलतात." ताई, मला वाटतं, बोलणं त्यामुळेच होतंय. बहीण म्हणायचं, सणाला साडी द्यायची, आणि मजुरी मात्र नगावर, दर तुम्ही ठरवाल तो, तुटलेल्या भाकरीचे पैसे कापून. हे दोन्ही एका घरात नांदत नाही.

लिज्जतचं उदाहरण आपण फार सहज देतो, म्हणून ते नीट आठवून बघू. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तिथंही एकमेकींना बहीण म्हणतात. पण तिथं लाटणारी प्रत्येक जण सहमालक आहे, नफा झाला तर तिचा, तोटा झाला तरी तिचा. तो एक मार्ग. तुमचा दुसरा आहे: जोखीम तुम्ही घेतली, मालकी तुमची, त्यांना मजुरी. दोन्ही मार्ग सरळ आहेत. मजुरी दुसऱ्या मार्गाची आणि भाषा पहिल्याची असली की "हिची एकटीची झाली" हे वाक्य तयार होतं.

आणि ते वाक्य पूर्ण खोटं आहे का, हेही तपासा. गटाचं कर्ज फिटलं असं तुम्ही लिहिता. कुणी फेडलं? दहा जणींनी हप्ते भरले आणि त्यातून आलेली भांडी, चूल, पहिलं कांडपयंत्र आज तुमच्या शेडमध्ये असेल, तर त्यांचा काही भाग तुमच्याकडे येणं आहे. गटाची जुनी वही काढा, सगळ्यांसमोर बसा, त्या वस्तूंची आजची किंमत ठरवा आणि प्रत्येकीचा वाटा देऊन टाका. रक्कम बहुधा तुम्हाला वाटते त्यापेक्षा लहान निघेल. मागे सरलेल्या आणि आता कामाला न येणाऱ्या चार जणींनाही बोलवा, त्यांना वगळलंत तर गावभर तेच बोललं जाईल. गट सरकारी अभियानात नोंदलेला असेल तर समूह संसाधन व्यक्तीला (गटांसाठी अभियानाने नेमलेल्या कार्यकर्तीला) या बैठकीला बसवा.

त्यानंतर मोकळ्या मनाने मालकीण व्हा. शेकड्याचा दर भिंतीवर लिहून लावा. मजुरीचा वार ठरवा आणि तो चुकवू नका, पुण्याचे पैसे आले असोत वा नसोत. भाकरी तव्यावर मोडली तर कापा, पण पॅकिंगनंतर टेम्पोत मोडली तर ती तुमची, थापणारीची नाही. आज तुम्ही दोन्हीचे कापता असं दिसतं, ते थांबवा. दिवाळीला साडीऐवजी नफ्यातला ठरावीक हिस्सा द्या आणि तो कसा काढला ते वाचून दाखवा. सहा जणींत एक तरी अशी असेल जिला दर्जा कळतो आणि जिचं बाकीच्या ऐकतात. तिला मुकादम करा, पगार वाढवा, आणि रागावण्याचं काम तिच्यावर सोडून तुम्ही हिशेबाकडे बघा. पुण्याच्या ऑर्डरसाठी बायका वाढवाव्या लागतील. त्याआधी कोणते कामगार कायदे लागू होतील ते सीएला विचारून घ्या.

एक अवघड गोष्ट उरते. यातल्या काही जणी पूर्वीसारख्या तुमच्या मैत्रिणी राहणार नाहीत. हळदीकुंकवाला येतील, हसतील, पण पूर्वीची थट्टा नसेल. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. मजुरी वेळेवर आणि दर उघड असला तर आदर राहतो, आणि माझ्या मते धंद्याला तेवढा पुरतो.

मुलीच्या दहावीबद्दल तुम्ही अपराधी सुरात लिहिलंय. तिची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. निम्म्या मालाने सुरू केलंत तर पहिले तीन महिने तुमच्या दिवसात फारशी भर पडणार नाही, आणि संध्याकाळचा स्वयंपाक करायला घरात आणखी दोन धडधाकट माणसं आहेत असं पत्रावरून दिसतं. मुलीकडून पाकिटं भरून घेऊ नका, एवढं मात्र पाळा.

क्रम असा ठेवा: आधी पॅन आणि खातं, मग उद्यम आणि परवाना, मग गटाची बैठक, आणि शेवटी पुणे. दुकानाला आज कळवा की नमुने घेऊन महिन्याभरात येते. खरंच हवं असेल तर ते थांबतील, सोलापूरची कडक भाकरी त्यांना पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत नाही. जाताना मालदांडीच्या ज्वारीच्याच भाकरी न्या, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे हे त्यांना सांगा, आणि तुटफुटीची टक्केवारी लेखी ठरल्याशिवाय उठू नका. शंभरात तीनपर्यंत तुमच्या अंगावर, त्यापुढे त्यांच्या. तिथून सुरुवात करा, पाचपर्यंत आलात तरी हरकत नाही.